मूल लंगडतंय, पण दुखत नाहीये: लहानग्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नेमकं कसं असतं?

दीड-पावणेदोन वर्षांचं मूल. उशिरा का होईना, पण चालायला लागलंय. घरात सगळे खूश आहेत. फक्त चाल जरा वेगळी आहे. एका बाजूला झोक जातो, एक टाच नीट टेकत नाही. मूल रडत नाही, पाय धरून बसत नाही. मग आजी म्हणते, "नवीन नवीन चालतंय, होईल सरळ." शेजारच्या काकू मालिश सुचवतात. कोणी कॅल्शियमचं औषध सांगतं. असेच आणखी सहा महिने जातात.

मग कधीतरी एक्स-रे निघतो आणि डॉक्टर सांगतात, "खुबा जागेवर नाही. ऑपरेशन करावं लागेल."

या वाक्यानंतर आई-बाबांना पुढचं फारसं ऐकू येत नाही. एवढ्याशा लेकराचं हाड कापणार? प्लास्टर किती दिवस? चालेल का परत? खर्च किती? चूक कुणाची? या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत, म्हणून हा लेख.

आजार काय आहे?

नाव लांबलचक आहे: डेव्हलपमेंटल डिसप्लेसिया ऑफ द हिप. डॉक्टर याला डीडीएच म्हणतात.

आपल्या खुब्याचा सांधा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसलेला असतो. डीडीएचमध्ये ही वाटी पुरेशी खोल नसते, बशीसारखी उथळ राहते. मग गोळा नीट बसत नाही. कधी तो नुसता सैल असतो, तर कधी वाटीतून पूर्ण बाहेर जाऊन वर सरकलेला असतो.

यातली गंमत अशी की लहानपणी गोळा आणि वाटी दोन्ही बरीचशी मऊ कूर्चेची असतात आणि एकमेकांच्या दाबाने घडतात. गोळा वाटीत असेल तर वाटी खोल होत जाते. गोळा बाहेर असेल तर वाटी उथळच राहते आणि कालांतराने चरबी व मऊ पेशींनी भरून जाते. म्हणजे जेवढा उशीर, तेवढं दुरुस्तीचं काम मोठं. या आजारात वेळेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर इथेच आहे.

खुबा पूर्ण निखळलेली बाळं ढोबळमानाने हजारात एक-दोन असतात. मुलांपेक्षा मुलींमध्ये हे प्रमाण बरंच जास्त आहे. पहिलं बाळ, पोटात पायाळू असलेलं बाळ आणि घरात आधी कुणाला असा त्रास असणं, ही जोखमीची मुख्य कारणं. उजव्यापेक्षा डावा खुबा जास्त वेळा सापडतो.

दुखत का नाही?

कारण मुलाने दुसरी स्थिती कधी पाहिलेलीच नसते. सांधा सुरुवातीपासून तसाच असतो आणि या वयात त्याची झीज झालेली नसते. दुखणं सहसा मोठेपणी सुरू होतं. तोपर्यंत सांधा खराब झालेला असतो आणि ऐन तारुण्यात खुबा बदलण्याची वेळ येऊ शकते. "दुखत नाही ना, मग राहू दे" हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

मिरजच का?

सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, अथणी, जमखंडी, विजापूर या पट्ट्यात कुणाला मोठं दुखणं निघालं की "मिरजेला दाखवा" हे वाक्य येतंच. सतारी घडवणारं आणि रेल्वे जंक्शन असलेलं हे गाव दवाखान्यांचं गाव कसं झालं?

सुरुवात झाली डॉ. विल्यम वॉनलेस यांच्यापासून. मूळचे कॅनडातले हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. शस्त्रक्रियेसाठी लांबून पेशंट येऊ लागले. सांगली आणि मिरजेच्या मधल्या भागाला आजही वॉनलेसवाडी म्हणतात, ती याच डॉक्टरांमुळे. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिकायला आलेल्यांपैकी अनेक डॉक्टर इथेच राहिले.

हाडांच्या उपचारात मिरजेचं नाव झालं ते डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे. त्यांनी संपादित केलेला ऑर्थोपेडिक्स अँड ट्रॉमा या विषयावरचा भलामोठा ग्रंथ देशभरातले अस्थिरोगाचे विद्यार्थी वाचतात. सायबेरियातल्या डॉ. इलिझारोव्ह यांनी शोधलेली, हाडाभोवती कडी बसवून ते हळूहळू लांब करण्याची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

त्यामुळे मिरजेच्या स्टेशनवर उतरलात आणि पायाला प्लास्टर असलेलं मूल कडेवर घेतलेलं कुणी दिसलं, तर रिक्षावाल्याला त्याचं नवल वाटत नाही.

प्रत्येक मुलाचं ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही. सगळं वयावर अवलंबून आहे.

जन्मल्यापासून सहा महिन्यांपर्यंत: या वयात पाव्हलिक हार्नेस नावाचे मऊ पट्टे लावतात. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले राहतात, गोळा वाटीत बसतो. वेळेत लावले तर बहुतेक बाळांचं काम यावरच भागतं, ऑपरेशन लागत नाही.

सहा ते अठरा महिने: बाळाला भूल देऊन, चिरफाड न करता गोळा वाटीत बसवून पाहतात आणि प्लास्टर घालतात. नाहीच बसला तर सांधा उघडावा लागतो.

दीड वर्षानंतर: मूल चालू लागलेलं असतं, स्नायू आखडलेले असतात, वाटी भरून गेलेली असते. आता बहुतेक वेळा सांधा उघडून, वाटी साफ करून गोळा बसवावा लागतो. सोबत हाडाचंही काम करावं लागतं.

म्हणजे जन्मानंतर पट्ट्यांनी जे झालं असतं, त्यासाठी दोन वर्षांनी हाड कापावं लागतं. आई-बाबांना खरी चुटपुट लागते ती याच गोष्टीची.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

एका ऑपरेशनमध्ये तीन कामं असू शकतात.

पहिलं, जांघेच्या पुढच्या बाजूने सांधा उघडून वाटीत अडथळा करणाऱ्या गोष्टी काढणं आणि गोळा आत बसवणं.

दुसरं, वाटीला छप्पर देणं. कॅनडातल्या टोरोंटोचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ साली ही युक्ती पहिल्यांदा केली. कमरेचं हाड वाटीच्या वर कापायचं, वाटीसकट खालचा भाग पुढे आणि बाहेर वळवायचा आणि पडलेल्या फटीत त्याच मुलाच्या कमरेच्या हाडाचा तिकोनी तुकडा पाचरीसारखा बसवायचा. तो हलू नये म्हणून तारा घालतात. सुताराने दरवाजाला पाचर मारावी, तसंच काहीसं.

तिसरं, गरज असेल तर मांडीचं हाड कापून थोडं आखूड करणं किंवा वळवणं आणि प्लेट-स्क्रूने जोडणं. "आखूड" ऐकून पालक घाबरतात. पण गोळा बरेच महिने वर सरकलेला असतो. तो खाली ओढून बसवला तर त्यावर प्रचंड दाब येतो. तो दाब कमी व्हावा म्हणून हे करतात. वाढत्या वयात लांबीतला फरक बऱ्याचदा भरून येतो.

हे सगळं काही तासांचं काम आहे. रक्त लागू शकतं, म्हणून रक्तपेढीची चौकशी आधीच करून ठेवायला सांगतात.

सहीच्या आधी काय विचारायचं?

संमतीपत्र समोर येतं तेव्हा त्यात गुंतागुंतीची यादी असते. ती वाचून हात थरथरतो. साहजिक आहे. पण न वाचता सही करू नका आणि नुसत्या भीतीने नकारही देऊ नका. हे प्रश्न विचारा:

• तिन्हीपैकी कोणती कामं करणार आहात?
• गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका माझ्या मुलाला किती आहे? (याला एव्हीएन म्हणतात. या ऑपरेशनमधली डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजी असलेली गुंतागुंत हीच.)
• खुबा पुन्हा निखळला तर काय?
• प्लास्टर किती आठवडे? तारा आणि प्लेट कधी काढणार? म्हणजे पुन्हा किती वेळा भूल द्यावी लागेल?
• लहान मुलांची अशी ऑपरेशनं तुमच्याकडे नियमित होतात का? मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर आहेत का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचाराच. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तेही उघडपणे सांगा आणि एक्स-रे सोबत न्या.

ऑपरेशनचा दिवस

या दिवशी सगळ्यात कठीण जाते ती भूक. भूल देताना पोट रिकामं नसेल तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून उपाशी ठेवतात. साधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, पाणी २ तास आधी. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ अंतिम. मूल रडतं, दूध मागतं, एखाद्या आत्याला दया येते आणि ती बिस्कीट पुढे करते. या एका बिस्किटामुळे ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं. सोबत आलेल्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा.

"आपण फिरायला चाललोय" असं खोटं सांगू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलालाही साध्या शब्दांत कळतं: "डॉक्टर तुझा पाय नीट करणार. तू झोपशील. उठशील तेव्हा पायाला पांढरं कडक प्लास्टर असेल. आई जवळच असेल." बाहुलीच्या पायाला बँडेज गुंडाळून दाखवलं तर आणखी सोपं जातं.

भूल देईपर्यंत आई किंवा बाबांपैकी एकाला आत थांबू देतात का, ते विचारून घ्या. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही.

मग दार बंद होतं आणि घड्याळ पुढे सरकत नाही. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला म्हणजे काही बिघडलंच असं नसतं. भूल देणं, प्लास्टर घालणं, एक्स-रे काढणं, शुद्धीवर आणणं हा सगळा वेळ त्यात धरलेला नसतो.

शुद्धीवर येताना अनेक मुलं जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. पाहणाऱ्याचा जीव गोळा होतो. हा भुलीचा परिणाम असतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. दुखण्यासाठी औषधं असतात, अनेकदा कमरेतून इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर ठेवतात. मूल दुखण्याने रडतंय असं वाटलं तर नर्सना सांगायला कचरू नका.

खरी परीक्षा घरी सुरू होते

ऑपरेशन डॉक्टर करतात. त्यानंतरचे साधारण ६ ते १२ आठवडे मात्र आई-बाबांचे असतात. या प्लास्टरला हिप स्पायका म्हणतात. छातीच्या खालपासून एका किंवा दोन्ही पायांच्या घोट्यापर्यंत, पाय फाकलेले आणि मध्ये शी-शूसाठी जागा. दोन्ही पायांच्या मध्ये दांडा असेल तर तो धरून मुलाला उचलू नका, प्लास्टर तुटतं. सुरुवातीला दोघांनी मिळून उचला.

शी-शू: लहान डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा आणि त्यावर मोठा डायपर बाहेरून लावायचा. ओला झाला की लगेच बदला. ओलं प्लास्टर नरम पडतं, वास मारतं आणि कातडी सोलवटते.

कातडी: दर दोन-चार तासांनी कूस बदला. कडेला रोज टॉर्चने बघा. खाज सुटली तर विणायची सुई, पट्टी, पेन्सिल आत घालू नका. पावडरही नको, ती घामाने चिकटून बसते.

मुंग्या: हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. बिस्किटाचा चुरा प्लास्टरमध्ये गेला की मुंग्या येतात. भरवताना गळ्यापासून खाली मोठं फडकं टाका.

जेवण: प्लास्टर पोटावर दाबतं, म्हणून थोडं थोडं पण जास्त वेळा द्या. हालचाल नसल्यामुळे शौचाला खडा होतो. पाणी, फळं, भाजी, वरणभात चालू ठेवा.

प्रवास: एसटीच्या सीटवर हे मूल बसू शकत नाही. घर लांब असेल तर आडवं झोपवून नेता येईल अशा गाडीची सोय घरी सोडण्याच्या आदल्या दिवशीच करा.

लगेच दवाखाना गाठा: बोटं निळी, पांढरी, थंड किंवा खूप सुजलेली दिसली, मूल बोटं हलवत नसेल, ताप आला, प्लास्टरमधून घाण वास किंवा पाणी येऊ लागलं, सतत उलट्या होत असतील, किंवा रडणं कशानेच थांबत नसेल. सकाळपर्यंत वाट बघू नका.

आणि मोठ्या माणसांचं काय?

तीन महिने मूल एका जागी असतं, म्हणजे घरातलं कुणीतरी तीन महिने एका जागी असतं. बहुतेक घरांत ती आई असते. रोजंदारी बुडते, रजा संपते, मोठ्या भावंडाची शाळा मामाच्या घरून होते. त्यात भेटायला येणारे विचारतात, "गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतं का?"

तर स्पष्ट लिहितो. ग्रहण, डोहाळे, चाकू-विळी, आईची चाल, कशाचाही या आजाराशी संबंध नाही. आईने काही केलं म्हणून हे होत नाही आणि काही केलं नाही म्हणूनही होत नाही. भेटायला जाणार असाल तर प्रश्न घरी ठेवा आणि डबा घेऊन जा. तासभर मुलाजवळ बसा म्हणजे त्या आईला अंघोळ तरी निवांत करता येईल.

प्लास्टर निघालं की मूल धावतं का?

नाही, आणि ही गोष्ट आधी माहीत नसेल तर मोठा धक्का बसतो. प्लास्टर कापण्याच्या यंत्राचा आवाज मोठा असतो. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कातडी सहसा कापली जात नाही. पण मूल घाबरतंच. आत पाय बारीक झालेला, कातडी कोरडी, सांधे ताठर. जे मूल चालत होतं ते पुन्हा रांगायला लागतं. चालणं परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि लंगडणं त्यानंतरही काही काळ राहतं. जबरदस्तीने पाय ओढून मालिश करू नका, फिजिओथेरपिस्टने दाखवलेलेच व्यायाम करा.

तारा बऱ्याचदा प्लास्टर काढण्याच्या सुमारास निघतात, प्लेट साधारण वर्षभराने. त्यानंतरही मूल वाढत असेपर्यंत ठरावीक अंतराने एक्स-रे काढावा लागतो. "आता छान चालतंय" म्हणून तपासणी सोडणं ही नेहमी होणारी चूक आहे. सगळे एक्स-रे एका पिशवीत तारखेप्रमाणे जपून ठेवा.

पैशाचं काय?

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम: २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणी होते. डीडीएच हा त्यातल्या आजारांच्या यादीत आहे. तपासणी पथक पुढच्या मोफत उपचारासाठी पाठवू शकतं. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे चौकशी करा.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: प्रत्येक रुग्णालय आणि प्रत्येक ऑपरेशन यात बसत नाही. म्हणून दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा. हेल्पलाइन १५५३८८.
• धर्मादाय रुग्णालयं: यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात विचारा.
• मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही वैद्यकीय मदतीसाठी अर्ज करता येतो.

हे सगळं टाळता येतं का?

प्रत्येक वेळी नाही. पण लवकर पकडता नक्की येतं. जन्मानंतर बालरोगतज्ज्ञ बाळाचे पाय दुमडून, फाकवून खुबा तपासतात. तुमच्या बाळाची ही तपासणी झाली का, ते विचारा. बाळ पायाळू होतं किंवा घरात कुणाला हा आजार होता, तर साधारण सहा आठवड्यांच्या वयात खुब्याची सोनोग्राफी करून घेण्याबद्दल बोला. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रेपेक्षा सोनोग्राफीत जास्त कळतं, कारण गोळा अजून कूर्चेचा असतो.

बाळाला गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. दुपट्यात पाय दुमडून फाकवता येतील एवढी मोकळीक हवी. आणि आपली कडेवर घ्यायची जुनी पद्धत? ती उत्तम आहे. पाय दोन्हीकडे फाकवून कमरेवर बसलेल्या बाळाचा खुबा योग्य जागी राहायला मदतच होते.

लंगोट बदलताना एक पाय कमी फाकतोय, एक पाय आखूड वाटतोय, मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत, मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, किंवा चालताना झोक जातो, बदकासारखं डुलतं: यातलं एक जरी दिसलं तरी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा काहीच निघत नाही. निघालं तर मात्र हातात असलेला प्रत्येक महिना मोलाचा असतो.